बाईंनी आनंद दाखवला होता

त्या दिवशी बाईंना खरोखरच आनंद झाला होता, हे आधी सांगून ठेवलेलं बरं. कारण पुढे जे झालं, त्यात तो आनंद कुणाच्या नजरेला पडलाच नाही.

सकाळी डबा भरताना जावयाचा फोन आला होता. "आई, रविवारी जेवायला या. ती म्हणाली, बोलाव." त्यातलं 'ती म्हणाली' तेवढं बाईंनी गाठीला बांधून शाळेपर्यंत नेलं. लेक गेले कित्येक महिने त्यांच्याशी धड बोलत नव्हती. भरल्या दिवसांनी दवाखान्यात गेली आणि रिकाम्या हातांनी घरी आली, तेव्हापासून "हं", "बरं", "ठेवते" यापलीकडे शब्द नाही. का, ते तिने सांगितलं नव्हतं आणि बाईंनी विचारलं नव्हतं. देव सगळं बघतो, वेळ आली की तोच गाठ सोडवतो, असं म्हणत त्यांनी दिवस ढकलले होते. आज गाठ सैल झाल्यासारखी वाटली.

बाई शाळेत खेळ शिकवायच्या. शाळेच्या मागच्या अंगाला लाकडी जमिनीचं लांबट दालन होतं. एका भिंतीला चढायच्या फळ्या, कोपऱ्यात गाद्यांची चळत आणि बारा महिने रबराचा नि मोज्यांचा वास. खेळाचा तास म्हणजे पोरं मोकळी सोडायची आणि शिट्टी फुंकायची, असं समजणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. आठवड्यातून एक तास त्या 'अंगबोली' घ्यायच्या. शब्द त्यांचाच. तोंडाला कुलूप आणि बाकी सगळं अंग बोलायला मोकळं. "वाऱ्यातलं झाड व्हा." "भिजलेलं मांजर व्हा." "जड पेटी उचला. पेटी नाहीये, पण कंबर दुखली पाहिजे!" वर्गात तोतरं बोलणारं पोर त्या तासाला असं काही बोलायचं की बघत राहावं. बाईंचं सगळं घरही याच अंगबोलीच्या शाळेत शिकलेलं. नवरा होता तोवर दोघं नुसत्या पेला ठेवल्याच्या आवाजावरून एकमेकांचा राग ओळखत. शब्द खर्चायची वेळच यायची नाही.

त्या दिवशीचा खेळ सोपा होता. एकाने मध्ये उभं राहून मनातली एक भावना दाखवायची, ओळखेल त्याच्यावर पुढचं राज्य. पहिलं राज्य बाईंचं. त्या मध्ये उभ्या राहिल्या. जावयाचा फोन मनात ताजाच होता, तोच त्यांनी चेहऱ्यावर आणला.

"राग!" मागून एकजण ओरडला.

बाईंनी मान हलवली. नाही.

"बाईंना झोप आलीये."

"पोटात दुखतंय! आमच्या आजोबांचं दुखतं तेव्हा अस्संच तोंड असतं."

दालनभर हशा पिकला. बाईंनी आणखी जोर लावला, गाल वर ओढले. ओढले, असं त्यांना तरी वाटलं. हसणारी पोरं हळूहळू गप्प झाली. अगदी पुढे मांडी घालून बसलेली एक चिमुरडी होती, तिला सगळे चिमणी म्हणत. ती कुजबुजल्यासारखी म्हणाली, "बाई, करा ना सुरू. आम्ही कधीची वाट बघतोय."

बाईंनी शिट्टी फुंकली आणि सगळ्यांना पकडापकडी खेळायला लावलं.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत चित्रकलेचे सर ब्रश धूत होते. बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "सर, खरं सांगा. मी आत्ता काय करतेय?"

"माझी चौकशी," सर म्हणाले. "पैसे बुडवलेत का मी तुमचे?"

"मी हसतेय."

सरांनी ब्रश खाली ठेवला. माणूस थट्टेखोर, पण आयुष्यभर चेहरेच काढत आलेला. त्याने बाईंकडे नीट पाहिलं आणि त्याची थट्टा जिरली. "बाई, वाईट वाटून घेऊ नका. वर्षभर मला वाटतंय, तुम्ही माझ्यावर कशावरून तरी रागावलात. मी बायकोलाही म्हटलं, खेळाच्या बाई अबोला धरून आहेत. आणि चालताना तुमचा डावा हात हलत नाही. अंगाला शिवल्यासारखा असतो. दुखतो का?"

"नाही हो."

"मग उद्याच्या उद्या माझ्या मावसभावाकडे चला. मेंदूच्या नि नसांच्या रोगांचा डॉक्टर आहे तो."

मावसभावाने बाईंना दवाखान्याच्या बोळातून चालायला लावलं, वळायला लावलं, अंगठ्यावर बोट टेकवत राहायला सांगितलं. उजवं बोट नाचलं. डावं दोन उड्या मारून पेंगलं. दुसऱ्यांच्या पोरांची अंगं वाचण्यात जन्म गेलेला, त्यामुळे डॉक्टर बोलायच्या आधीच बाईंना कळलं होतं की ही परीक्षा आपण नापास झालो.

"कंपवात," डॉक्टर म्हणाले. "तपासण्या करू, पण मला शंका फारशी नाही."

"माझे हात कुठे कापतात?"

"सगळ्यांचे नाही कापत. काहींचा आधी चेहराच थिजतो. आत सगळं असतं हो. राग, लोभ, माया, सगळं जिथल्या तिथे. फक्त बाहेर येत नाही. लोकांना वाटतं, माणूस रुसलंय किंवा दगड झालंय."

"कधीपासून असेल हे?"

"वर्ष तरी झालंच असेल. घरच्यांपैकी कुणी काही म्हटलं नाही?"

बाईंच्या डोळ्यांसमोर दवाखान्यातली ती खोली आली. पलंगावर लेक, गुंगीतून नुकती बाहेर आलेली. पायथ्याशी त्या स्वतः. लेक त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. बराच वेळ पाहत होती. मग तिने भिंतीकडे कूस वळवली होती.

आता हे कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही, पण बाई दवाखान्याच्या पायऱ्या उतरल्या त्या हलक्या मनाने. आजार मिळाल्याचा आनंद! पुढे हात आखडतील, पाय घसटतील, शाळा सुटेल, हे सगळं डॉक्टरांनी हळूच सांगितलं होतं. ते त्यांच्या कानांवर पडलं, मनापर्यंत पोचलं नाही. मन एकच घोकत होतं. मी दगड नव्हते. रविवारी तिला सांगते, मी दगड नव्हते.

रविवारी लेकीच्या दोन खोल्यांत जेवणं झाली ती भांड्यांच्या आवाजात. मीठ, पाणी, आणखी थोडं घ्या. जावई बसचालक. दिवसभर गर्दीशी बोलणारा माणूस, तोही मान खाली घालून जेवला. मग तो भांडी घासायला आत गेला आणि लेकीने बाहेरच्या खोलीत त्याच्या गणवेशाला इस्त्री करायला घेतली. आई समोर असताना हाताला काम हवं म्हणून काढलेलं ते काम होतं, हे बाईंना तिच्या खांद्यांवरून दिसलं.

त्यांनी सांगून टाकलं. आजाराचं नाव, चेहरा, डावा हात, पोरांचा खेळ. चिमणी काय म्हणाली तेसुद्धा.

लेकीने इस्त्री उभी ठेवली. "बरा होतो का?"

"नाही. गोळ्यांनी आटोक्यात राहतो."

"आणि तू एकटी गेलीस डॉक्टरकडे."

"चित्रकलेचे सर होते."

"म्हणजे परके होते." ती पुन्हा इस्त्री फिरवू लागली. बाही झाली, कॉलर झाली. शेवटी बाईंनीच म्हटलं, "म्हणून त्या दिवशी माझ्या तोंडावर काही दिसलं नाही तुला. मला तेच सांगायचं होतं."

"तोंडावर दिसलं नाही, ते आजारामुळे. मान्य," लेक म्हणाली. तिचा आवाज वाढला नाही, उलट खाली गेला. "पण जीभ तर आजारी नव्हती ना, आई? त्या दिवशी तू मला काय म्हणालीस, आठवतं?"

बाईंना आठवत नव्हतं.

"'ऊठ, थोडी चाल. पायांत रक्त साकळतं.' एवढंच. माझं बाळ गेलं होतं आणि माझी आई मला कवायत सांगत होती."

बाईंना बसायला हवं होतं, पण खुर्चीवर कपड्यांचा ढीग होता. त्या उभ्याच राहिल्या.

"मी गुंगीत होते," लेक म्हणाली. "हा बस घेऊन गावाबाहेर. पोचला तोवर सगळं आवरलेलं. मी शुद्धीवर आले तर पाळणासुद्धा उचलून नेलेला. दवाखान्यातले म्हणाले, नाही पाहिलं तेच बरं, विसरायला सोपं जातं. कुणाला सोपं जातं? मी मनात रोज तिचा एक नवा चेहरा करते नि रोज पुसते. तू होतीस तिथे. तू एकटी होतीस. तू पाहिलंस तिला."

"पाहिलं."

"मग?"

बाईंचे हात उचलले गेले. एवढीशी, असं दाखवायला. आयुष्यभर ज्या हातांनी पक्षी उडवले, पेट्या उचलल्या, त्यातला उजवा तेवढा वर आला. डावा कुठेतरी पोटापाशीच अडकला. दोन्ही मिळून काही आकार होईना.

"हात नको करूस," लेक रडत म्हणाली. "तोंडाने सांग. मला शब्द हवेत, आई."

एवढ्या वर्षांत बाईंकडे शब्द असे कुणी मागितलेच नव्हते. त्यांनी एकदा मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि सुरुवात केली. आधी शब्द सुटे सुटे आले.

"केस होते. दाट. ओले, कपाळाला चिकटलेले. मी बोटाने बाजूला केले. पाय लांब होते. धावली असती. गुडघ्यांना वळ्या. ओठ तुझे. तू झोपेत करतेस तसा खालचा ओठ पुढे."

लेक इस्त्रीच्या मेजाला धरून उभी होती.

"कान मात्र जावयाचे. हे असे, सुपासारखे."

रडण्यातूनच लेकीला हसू फुटलं, आणि त्या हसण्यानेच ती पुन्हा जास्त रडली. "खरंच?"

"खोटं कशाला सांगू? मला तिथेही वाटलं, अरे देवा, बिचारीला केसांखाली झाकावे लागतील."

"आणि?"

"डावी मूठ मिटलेली होती. मी एकेक बोट उघडलं. आत माझं बोट ठेवलं. वाटलं, धरेल." बाईंना आता थांबता येईना. "नर्स म्हणाली, द्या आता. मी नाही दिली. ती जाऊन परत आली. म्हणाली, द्या बाई, वेळ झाली. मग दिली."

"तू रडलीस?"

"शाळेत. गाद्यांमागे."

"माझ्यासमोर का नाही?"

"वाटलं, दोघी रडलो तर तुला धरायचं कुणी."

"धरलं तर नाहीसच."

"नाही," बाई म्हणाल्या. "धरलं नाही."

लेकीने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे आताही काही नव्हतं. थंड, सपाट, पाटी पुसल्यासारखा चेहरा. फक्त डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते त्या चेहऱ्याचं वाटतच नव्हतं. लेकीने ते पुसलं नाही, ती जवळही आली नाही. एवढ्या महिन्यांचं अंतर एका दुपारी कुठलं सरायला?

"एवढं सगळं तुझ्याकडे होतं," ती म्हणाली, "आणि मी रोज कल्पना करून करून मरत होते."

आतला नळ केव्हाच बंद झाला होता. स्वयंपाकघराच्या दारात जावई उभा होता, हाताला साबणाचा फेस तसाच. तो किती वेळ उभा होता, कुणालाच माहीत नव्हतं. बस चालवताना मागच्या टोकापर्यंत पोचणारा त्याचा आवाज आता जेमतेम खोलीपुरता आला.

"आई," तो म्हणाला, "कानांचं काय म्हणालात?"

बाईंनी लेकीकडे पाहिलं. लेकीने खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग उचलून खाली जमिनीवर ठेवला आणि खुर्ची आईकडे सरकवली. नवऱ्याला म्हणाली, "बस इथे, खाली." आणि स्वतःही भिंतीला टेकून बसली, गुडघे छातीशी घेऊन.

"पहिल्यापासून सांग," ती आईला म्हणाली. "घाई नको करूस."

बाई खुर्चीत बसल्या. डावा हात मांडीवर ठेवला, त्यावर उजवा ठेवला, म्हणजे हात मध्ये यायला नकोत.

"माझ्याकडे दिली," त्या म्हणाल्या, "तेव्हा ती अजून कोमट होती."