दूधनाथाची भारलेली बाटली

संग्रामपूरच्या बाजारात दूधनाथ महाराजापुढे लेकुरवाळ्या बायांची झुंबड उडाली होती. काचेची दुधाची बाटली उंचावून तो सांगत होता, "ह्या रबरी बोंडीत सिद्धाची फुंकर हाये माय. धुवायची नाही, दर बाजाराले माह्याकडून भारून न्यायची." मग पितळी गडव्यातल्या तीर्थात बोंडी भिजवून तो बाटली परत देई. बोंडी तोंडात गेली की रडणारं पोर जरा वेळात गप्प. बाया पाया पडत. कापूस वेचताना झोळीतलं पोर निजून राहिलं तर कोणाला नको? त्या गरजेवरच हा भामटा पोसला होता.

मग गावातल्या पुंजाजीची तान्ही नात ती बाटली चोखून निजली आणि झोपेतच गेली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर नारायणरावांनी दवंडी पिटवली, बाटल्या जमा करा. एकही आली नाही. प्रसाद परत केला तर कोप होतो, म्हणून बायांनी बाटल्या देवघरात दडवल्या. मी गावच्या शाळेचा मास्तर, मला किळस आली. लेकरू गेलं तरी चालेल, महाराज रुसायला नको.

दोनच दिवसांत तानुबाई आणि तिची सून सिंधूताई बाळाला घेऊन दवाखान्यात धावत आल्या. बाळ हलवूनही उठेना, श्वास मंद. डॉक्टरांनी पापणी उचलली. बाहुली मोहरीहून बारीक झाली होती. बाळाला इंजेक्शन देत ते मला म्हणाले, "मास्तर, त्या महाराजाला गडव्यासकट आणा."

आणला. मागोमाग सगळा बाजार आला. बोंड्या ज्यात भिजत, तो गडवा डॉक्टरांनी महाराजापुढे धरला.

"तुमचंच तीर्थ आहे. प्या."

"माहा उपास हाये."

"तीर्थानं उपास मोडत नाही, महाराज," तानुबाई म्हणाली. "आमच्या लेकराईनं पेलं. तुमी काऊन नाही पेत?"

तो मागे सरकला. डॉक्टरांनी गडवा उपडा केला. तळाची फडक्यातली पुरचुंडी बाहेर पडली.

"अफू," डॉक्टर म्हणाले. "ह्यात बोंडी भिजते. पोर निजत नाही, नशेत पडतं. जास्त झाली की श्वास थांबतो."

महाराजाला पोलिसांनी नेलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बाळ टाहो फोडून रडू लागलं. तानुबाईचा हात सवयीनं पिशवीतल्या बाटलीकडे गेला.

"राहू द्या आत्याबाई," सिंधूताई म्हणाली. "रडू द्या त्याले." आणि तिनं ती बाटली डॉक्टरांच्या हाती दिली.

लेकरू रडतं ते भुकेनं, दुखण्यानं. त्याला गप्प करण्याआधी काय हवंय ते बघा. तसली बाटली घरात असेल तर आजच दवाखान्यात द्या. कोप होणार नाही, मूल वाचेल.