दुधातून दिलेली ताकद

कारखान्यातल्या शिवणाऱ्या बायका तिला पाठीमागे फौजदारीण म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. नवऱ्यामागे शाळेच्या गणवेशांचा हा धंदा तिने एकटीने ओढला होता आणि कुणाचं ऐकून घ्यायची सवय तिला लागलीच नव्हती.

कापड बेतायचं काम तिच्या मुलाकडे होतं. त्याच्या आतड्यात कॅन्सर निघाला. ऑपरेशन करून गाठ काढली, आणि आजार पुन्हा डोकं वर काढू नये म्हणून गोळ्या सुरू झाल्या. सून त्या घड्याळ बघून द्यायची.

फौजदारणीला ते पटत नव्हतं. डॉक्टर आजार मारायचं औषध देतात, मग माणसाला जगवायचं कुणी? मागे तिला स्वतःला चक्कर यायची, तेव्हा डॉक्टरने रक्त तपासून व्हिटॅमिनच्या पिवळ्या गोळ्या दिल्या होत्या, आणि ती टुणटुणीत झाली होती. बाटली कपाटात होतीच. बाटलीवर रोज एक लिहिलेली. पण ती चक्कर येणाऱ्या बाईची मात्रा, याचा आजार केवढा! तिने रोज तीन गोळ्या वाटीच्या बुडाने चुरायला आणि त्याच्या दुधात कालवायला सुरुवात केली. पेला रिकामा होईस्तोवर ती समोरून हलत नसे. सुनेला सांगितलं नाही. ती पाणी प्यायचं तरी डॉक्टरला विचारणारी.

मग पोराचं तोंड आलं. जुलाब थांबेनात. तळहातांची सालं निघाली, कात्री धरवेना.

"हिच्या हातचं खातोय, दुसरं काय होणार," फौजदारीण भर कारखान्यात बोलली. मशिनी थांबल्या. सून दारात डबा घेऊन उभी होती. त्या दिवसापासून ती चमचेसुद्धा उकळून घ्यायला लागली.

तपासणीला तिघं गेली. डॉक्टरीणबाईंनी त्याचं पोट चाचपलं, हात उलटेपालटे करून पाहिले.

"औषध चांगलं आहे, पण तुम्हाला सोसत नाहीये. थांबवावं लागेल असं दिसतंय."

"थांबवलं तर पुन्हा उगवेल?" त्याने विचारलं.

"तो धोका वाढतो. म्हणून तर मलाही थांबवायचं जिवावर येतंय. घरी जेवण कोण करतं?"

"ही," फौजदारीण म्हणाली. "हिलाच विचारा काय घालते ते."



"जेवणाचं नाही हो एवढं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वेगळं काही चालू आहे का? काढा, ताकदीची गोळी?"

"नाही," सून म्हणाली. "सगळं मीच देते. दुसरं काही नाही."

ताकदीची गोळी म्हटल्याबरोबर फौजदारणीला कपाटातली बाटली आठवली. पहिल्यांदा सुचलं ते खोटंच. म्हणावं, शेजारणीने दिल्या होत्या. नाहीतर आजपासून गुपचूप बंद करावं, कुणाला पत्ता लागायचा नाही. पण तोवर डॉक्टरीणबाईंनी पोराचं औषधच थांबवलं तर? सुनेचे हात मांडीवर होते, कढत पाण्याने लाल झालेले. तिच्याकडे बघवेना, पोराकडे तर मुळीच.

"मी देत होते," ती भिंतीकडे बघून म्हणाली. "माझ्या पिवळ्या गोळ्या. दुधातून."

"किती?"

"तीन. रोज."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आजी, त्या गोळ्यांत फोलिक अ‍ॅसिड असतं. तुम्हाला कमी होतं म्हणून तुम्हाला दिलं. यांच्या औषधाबरोबर ते वरून गेलं की औषधाचा त्रास वाढतो. पालेभाजीतून येतं ते चालतं. गोळी मात्र रक्त बघून आम्ही ठरवतो."

"म्हणजे माझ्यामुळे."

"सगळं त्यानेच झालं असं नाही म्हणता येणार. वाढलं असणार एवढं खरं. आता त्या बंद. कॅन्सरचं औषधही थोडे दिवस बंद ठेवू. जखमा भरल्या की कमी मात्रेने पुन्हा सुरू करून बघू. सांगितलंत ते बरं केलंत, नाहीतर मी चांगलं औषध सोडून दिलं असतं."

हे शेवटचं शाबासकीसारखं होतं, आणि तेच तिला जास्त लागलं. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर ती उलटून बोलली तरी असती.

"आई," मुलगा हळूच म्हणाला, "तोंड सोलवटलं होतं, दूध नको म्हणत होतो, तेव्हाही घातल्यास?"

"हो."



तिने सुनेकडे तोंड वळवलं. "कारखान्यात बोलले ते..."

"राहू द्या, आई."

"राहू कसं देऊ? चारचौघींत बोलले. चारचौघींतच सांगेन."

"सांगा मग," सून म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण नेहमीसारखा खालीही नव्हता. फौजदारणीला मान वर करता येईना.

तपासायला उघडलेल्या सदऱ्याची बटणं मुलगा लावू लागला. सोललेल्या बोटांत बटण सापडत नव्हतं. आईचा हात आपोआप पुढे गेला. तो किंचित मागे सरकला, वैताग नव्हता त्यात, सवयीने बायकोकडे वळला एवढंच. सुनेने एकेक बटण लावलं. फौजदारणीने पुढे गेलेला हात पदराखाली घेतला.