चांगले स्थळ सुचवा

मित्रांनो, मी एक जुनी टिनाची पाटी आहे. आंधळगावात मधुकररावांच्या मागाच्या खोलीबाहेर, दाराच्या डाव्या अंगाला टांगलेली. माझा पिवळा रंग विटला आहे, एक कोपरा वाकला आहे आणि त्यावरचा मंगल कलश आता बटाट्यासारखा दिसतो. तरी माझी अक्षरे वाचता येतात, आणि ती वाचून येणारा-जाणारा हसतो. का हसतो, तेच तुम्हाला सांगते.

जन्माने मी पाटी नव्हे. मधुकरराव कोशाचे रेशमी कापड विणतात. त्यांच्या खोलीच्या खिडकीतून पावसाची झड मागावर येई, म्हणून खिडकीवर एक सपाट पत्रा ठोकला होता. तो पत्रा म्हणजे मी. बारा वर्षे मी बाहेरून पाणी झेलले आणि आतून मागाची खटखट ऐकली. याच खोलीत त्यांची मुलगी तेजस्विनी मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता मोठी झाली.

बी.कॉम. झाल्यावर ती मोहाडीला झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागली. तिथे बसल्या बसल्या मोबाइलवर व्हिडिओ बघून तिने जागांच्या सौद्यांचे काम शिकून घेतले. काम असे, की ज्याला जागा विकायची आहे तो माणूस शोधायचा, त्याच्याशी लेखी करार करायचा, तो करार जागा घेणाऱ्याच्या हाती सोपवायचा आणि मधला आपला वाटा घ्यायचा. व्हिडिओतला माणूस हे सांगताना फार हसरा होता. विकणारा शोधायचा कुठे, याबद्दल मात्र तो ‘मार्केटिंग करा’ एवढेच म्हणे.

पोरीने मार्केटिंग केले. पत्रके छापून वाटली. पुढच्याच बाजारी त्यांत फुटाणे बांधून मिळू लागले. मोबाइलवर स्टेटस ठेवले. ते फक्त मामेबहिणी बघत. मग वही घेऊन ती रिकाम्या जागा आणि कुलूपबंद घरे शोधत गावोगाव हिंडली, तर लोकांना वाटले, घरकुलाचा सर्व्हे आला. म्हाताऱ्या बाया आधार कार्ड घेऊन तिच्या मागे येत. “आमचं नाव लिव व माय,” म्हणून विनवत. त्यांना ‘नाही’ म्हणताना तिला फार वाईट वाटे. चार महिने असे गेले आणि सौदा एकही झाला नाही.

दसऱ्यानंतर एका दुपारी मधुकररावांनी माग थांबवला. खिडकीवर असल्यामुळे मला सगळे ऐकू आले.

“बाबा, मले अजून थोडा टाइम द्या,” तेजस्विनी म्हणाली.

“दिला. तुळशीचं लगन लागेपर्यंत दिला. तोवर एक तरी सौदा झाला, तं तुयं काम तू कर, मी लग्नाचं नावबी नाही काढणार. नाही झाला, तं मी आणीन ते स्थळ पाहा लागन.”

“ठीक आहे,” ती म्हणाली. 

मधुकरराव बोलायला कडक, पण मनाने तसे नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला खिडकीवरून उतरवले, घासूनपुसून तिच्या पुढ्यात ठेवले आणि म्हणाले, “कागदाच्या पुड्या होतेत. याच्यावर लिव.” खिडकीला त्यांनी स्वतः पोते बांधले. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या अंगावरच्या बाराही पावसाळ्यांचे चीज झाल्यासारखे वाटले.

रंगवायला मला मनिष पेंटरकडे नेले. मनिषचा सारा जन्म लग्नाच्या कमानी रंगवण्यात गेलेला. त्याने ब्रश बुडवला आणि विचारले, “काय लिवू? जागा पाहिजे, असं?”

“जागा तं कोणीबी लिवते,” तेजस्विनी म्हणाली. व्हिडिओत सारखा ‘साइट’ शब्द येई. त्याला एखादा भारदस्त मराठी शब्द हवा म्हणून तिने खूप विचार केला आणि म्हणाली, “स्थळ लिवा.”

मनिषने मान डोलावली. त्याला तो शब्द सवयीचा होता. त्याने तिच्या सांगण्यावरून माझ्यावर लिहिले : ‘चांगले स्थळ सुचवा. बोलणी लगेच. दोन्ही बाजूंचे समाधान. मध्यस्थ : तेजस्विनी.’ खाली फोन नंबर. कोपरा रिकामा दिसतो म्हणून त्याने न विचारताच एक मंगल कलश काढून दिला, वर आंब्याची पाने आणि नारळ. तेजस्विनीला तोही आवडला. पत्रा होतो तोवर मी ‘तो’ होतो. त्या दिवशी मी ‘ती’ झाले, आणि चांगली नटूनथटून झाले.

बाजारात भैय्याजींच्या चहाच्या टपरीजवळ एक कडुनिंब आहे. भैय्याजी खिळे-हातोडी घेऊन आले, पण तेजस्विनीने त्यांना थांबवले. “झाडाले कायले दुखवता?” म्हणत तिने मला तारेने टपरीच्या खांबाला बांधले. तासाभरातच तिचा फोन वाजला. ती धावत माझ्या सावलीत आली आणि तिने फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे एक बाई होती.

“स्थळ हाय माझ्याकडे. लय चांगलं.”

“कुठं हाय, काकू?” तेजस्विनीने वही उघडली.

“आमच्या गावातच. रोडले लागून.”

“लांबी-रुंदी किती?”

 “उंची पाच फूट आठ इंच. रुंदीचं मले माहीत नाही बापा, पण अंगानं भरला हाय.”

भैय्याजींच्या हातातली चहाची गाळणी खाली पडली. तेजस्विनीने एकदा माझ्याकडे पाहिले, वरपासून खालपर्यंत वाचले, आणि तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिने घाईने फोन बंद केला. मला तर टिन असूनही घाम फुटल्यासारखे झाले.

मला पुन्हा रंगवायला मनिषकडे वेळ नव्हता. लग्नसराईच्या कमानी त्याच्या दारात रांग लावून उभ्या होत्या. उतरवावे, तर पाटीच राहत नव्हती. म्हणून मी तिथेच राहिले. फोन येत गेले. कुणाचा भाचा शिक्षक होता, कुणाची पुतणी नर्स. तेजस्विनी प्रत्येकाला समजावून सांगे आणि शेवटी हळूच विचारे, “तुमच्याकडे जागा-बिगा हाय का इकायची?” लोक हसून फोन ठेवत. बाजारातली पोरे तिला ‘स्थळवाली’ म्हणू लागली. बाजारच्या दिवशी मधुकरराव सूत घ्यायला आले, तेव्हा त्यांनीही ते ऐकले. ते मान खाली घालून माझ्यासमोरून निघून गेले. मला त्यांचे फार वाईट वाटले.

तुळशीच्या लग्नाला चार दिवस उरले असताना एसटीतून एक बाई उतरली आणि वाचत वाचत थेट माझ्यासमोर आली. कापडी पिशवीत मुलाचा फोटो होता. ती सत्यभामाबाई, पाच फूट आठ इंचांची आई. फोन कटला म्हणून स्वतःच आली होती. टपरीच्या बाकावर बसून, फोटो पुढे करून ती मुलाचे घर सांगू लागली.

“तीन खोल्या हायेत, बोअर हाय. कैलाश इलेक्ट्रिकचं काम करते. अन् रोडले लागून खळं हाय. आता मशीन बांधीतच, वावरातच धान काढून देते, खळ्याचं कामच नाही राहिलं. गाई बसून राहतेत तिथं. ते इकून दोन खोल्या वाढवू म्हणते सुनेसाठी, पण घेणारा कुठं भेटते?”

तेजस्विनीचे डोळे चमकले. मोहाडीच्या झेरॉक्सच्या दुकानात येणाऱ्या सचिनला धान काढायची मशीन उभी करायला रोडलगत जागा हवी होती. महिनाभर तो तिला विचारत होता. भैय्याजींनी चहा देताना तिच्या कानाशी तोंड नेले. “हो म्हणून टाक. मुलगी दाखवते म्हण, अन् खळ्याचा कागद करून घे.”

मित्रांनो, माझी अक्षरे आधीच लोकांना फसवत होती. आता तिनेही तेच केले असते, तर मला कायमचे उलटे टांगावे लागले असते. तिने फोटो परत बाईंच्या हाती दिला. चार दिवस उरले आहेत, हे मलाही माहीत होते.

“काकू, मी लगनं नाही जमवत,” ती शेवटी म्हणाली. “पाटीवरचा शब्द माझाच चुकला. मी जागांचे सौदे करते. तुमच्या खळ्याले गिऱ्हाईक हाय माझ्याकडे. मधात मी माझा वाटा घेईन, तो कागदावर लिवून दाखवीन. पण सून माझ्याकडे नाही.”

सत्यभामाबाईंनी फोटो पिशवीत ठेवला, त्या उठल्या आणि तरातरा स्टँडकडे चालू लागल्या. तेजस्विनीने त्यांना हाक मारली नाही. ती नुसती माझ्या खांबाला टेकून उभी राहिली.

बाई अर्ध्या वाटेवरून परतल्या. “काहून व, खोटं बोलली असती तं मले समजलं असतं का?”

“नसतं समजलं.”

“मंग चाल. खळं पाहून घे.”

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सचिन, सत्यभामाबाई आणि तेजस्विनी टपरीवर जमले. बाक चहाने ओला होता, म्हणून तेजस्विनीने मला खांबावरून सोडले, मांडीवर आडवे घेतले आणि माझ्या पाठीवर करार ठेवला. तिचा वाटा त्यात सर्वांदेखत लिहिला गेला. तिघांच्या सह्यांचा दाब मला अजून जाणवतो.

पुढे मनिषने नवी पाटी रंगवली. तिच्यावर सरळ ‘जागा’ लिहिले आहे. मी भंगारात जाणार होते, पण मधुकररावांनी मला हातात धरले, फडक्याने पुसले आणि दाराशी टांगले. माघात एक पाहुणे आपल्या मुलासाठी तेजस्विनीची चौकशी करायला आले. मधुकररावांनी माग थांबवला नाही. नुसते माझ्याकडे बोट दाखवले.

“वाचून घ्या. आमच्या घरी स्थळं तेजस्विनी पाहते. तिले विचारा.”

मित्रांनो, पाटी लिहाल तेव्हा आधी ती मोठ्याने वाचून बघा. झाडाला खिळा ठोकू नका, तारेने खांबाला बांधा. आणि घरात जुना पत्रा पडला असेल, तर तो फेकण्याआधी घरातल्या मुलीला विचारा, तिला त्यावर काय लिहायचे आहे.