चरबीतल्या गाठी

सासरेबुवा जेवायला बसले की मला किळस यायची. एक घास गिळायच्या आत दुसरा तोंडात, हनुवटीवर तेलाचा ओघळ, आणि मध्येच कवळी काढून तिच्यात अडकलेलं मांसाचं सूत नखानं ओढायचं. ती कवळी मीच बनवलेली. आमची दातांच्या कवळ्या बनवायची लॅब आहे; म्हणजे सासऱ्यांची आहे. मी घरजावई. कवळीला निदान रात्री तरी बाहेर काढून ठेवतात.

दुसऱ्या गावात माझा एक मित्र अशीच छोटी लॅब काढत होता आणि मला भागीदार म्हणून बोलवत होता. तिथं जावं, भाड्याच्या का होईना पण आपल्या दोन खोल्यांत बायकोबरोबर राहावं, एवढंच मला हवं होतं. लॅबमध्ये सासरे मालक, तिथं कसला घरगुती विषय निघतोय. म्हणून तो काढायचा रविवारी दुपारी, सगळे जेवायला बसल्यावर.

पहिल्यांदा काढला तेव्हा सासरेबुवांनी जेवण रेटून पूर्ण केलं, वर बर्फासारखा गार सोडा ढोसला, आडवे झाले आणि ढेकर देता देता छाती धरली. नाडी बघितली तर तिला ना ताल ना तंत्र. पुढच्या खेपेला तेच. त्यानंतर बायको म्हणाली, "तुला दिसत नाही का? तू जायचं म्हणालास की बाबांच्या जिवावर बेततं." झालं, माझं तोंड बंद. ती त्यांच्या पानात आणखी एक तुकडा वाढायची आणि मी मान खाली घालून गिळायचो. मित्र बिचारा थांबून थांबून कंटाळला. या महिन्यात हो म्हण, नाहीतर दुसरा बघतो, म्हणाला.

त्यानंतरच्या एका रविवारी मी अवाक्षर काढलं नाही. तरी सासऱ्यांची छाती धडधडलीच.

बायकोला सुट्टी मिळेना, म्हणून या वेळी तपासणीला मी घेऊन गेलो. सासरे आत कार्डिओग्रामला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधी होतं असं?"

"मी घर सोडायचं बोललो की."

"या वेळी काय बोललात?"

"काहीच नाही."

बाई हसल्या. "अहो, हृदयाच्या पाठीला चरबी असते, आणि त्या चरबीत मज्जापेशींच्या बारीक गाठी. हृदयाचं स्वतःचं छोटं डोकंच म्हणा. पोट तट्ट फुगलं, वर गार सोडा, मग आडवं पडणं, की पोटाकडची नस या गाठींना डिवचते. त्या बिथरल्या की ठोके बिघडतात. सगळ्यांचं असं नसतं, पण यांचं दर वेळी जेवणावरच होतंय. तुमच्या बोलण्याला कशाला एवढा भाव देता?" मग त्या कागद चाळत म्हणाल्या, "मागच्या वर्षी तुमच्या मिसेसना चित्र काढून समजावलं होतं. दाबून जेवू देऊ नका, एखाद दिवशी गुठळी होऊन डोक्यात जाईल म्हणून. पाळतात ना?"

मी हो म्हणालो.

पुढच्या रविवारी सासरे नॅपकिन लावून बसले. बायको भांडं घेऊन आली, तेव्हाच मी म्हणालो, "बाबा, मी जातोय. कायमचा."

सासऱ्यांचा हात सवयीनं छातीवर गेला.

"थांबा," मी म्हणालो, "अजून वाढलेलं नाही."

आणि डॉक्टरीणबाईंचं बोलणं सगळं सांगून टाकलं, मागच्या वर्षीच्या चित्रासकट. सासऱ्यांनी हळूच हात खाली घेतला. ते लेकीकडे बघत राहिले. "तुला माहीत होतं?"

"हा निघून गेला असता, बाबा."

"आणि तू मला वाढत राहिलीस."

"तुम्ही तरी कधी नको म्हणालात?"

दोघं एकमेकांकडे बघत होती आणि मला दोघांचीही शिसारी आली. मी उठलो. आतून बॅग घेऊन बाहेर आलो तरी बायको पळी धरून तशीच उभी होती.

सासरेबुवांनी ताट तिच्याकडे सरकवलं.

"बरं," ते म्हणाले, "थोडंच वाढ."