शासनाने निधी का द्यावा?

माइकवरची काळी स्पंजची टोपी एका बाजूने विरली होती, आतली जाळी दिसत होती... किती जणांचे श्वास जिरले असतील हिच्यात, असं मनात आलं आणि सुनयनाने बोट मागे घेतलं. समोर अर्ज होता. करंजाडेतलं हे दोन खोल्यांचं रेडिओ केंद्र चालू ठेवायचं तर तो आज संध्याकाळपर्यंत जायला हवा होता. ‘शासनाने निधी का द्यावा?’ — या प्रश्नाखालची जागा सकाळपासून कोरीच.

का द्यावा? कारण जासईचा रस्ता, करंजाडेचं पाणी मुंबईच्या बातम्यांत येत नाही. कारण जाहिरातदार पैसे देतो आणि मग फोनही करतो...

“मॅडम, रखमाबाईंचं लिहा ना,” आशुतोष म्हणाला. केंद्राची यंत्रं तोच सांभाळायचा; त्याला सगळं ठाऊक होतं. “याहून मोठं कारण कुठलं?”

रखमा. दोन वर्षांपूर्वी जासईहून आली होती — शाळेजवळच्या वळणावर कंटेनरचे ट्रेलर कसे अंगावर येतात ते सांगायला. याच माइकसमोर, जराही न अडखळता बोलली; मुलाखत रेकॉर्ड झाली. दुसऱ्या दिवशी, प्रसारणाआधीच, कंटेनर यार्डाच्या मालकाचा फोन आला, केंद्राची एकमेव जाहिरात त्याची, आणि सुनयनाने ती मुलाखत लावली नाही. पुढच्या आठवड्यात लावू, रखमाला म्हटलं... महिन्याभरात रखमाची सून त्याच वळणावर ट्रेलरखाली गेली.

मग लिहायचं — सरकारचा पैसा असता तर मी घाबरले नसते? आणि सरकारचाच फोन आला असता तर? तरीही, निदान त्या एका माणसाच्या मुठीत... वाक्य पुरं होईना. विचारल्याशिवाय रखमाचं नाव घालणं बरं नव्हे, म्हणून तिने फोन लावला.

“लिव की बाय,” रखमा म्हणाली. “मी कामाव व्हते, मना नाय गावला आयकाया. पन सगल्या गावानी आयकला ना गो तवा? नि यक मानूस ट्रेलर अडवाया रस्त्याव नाय आला. तवापासना मी कोनाला काय सांगतच नाय.”

सुनयनाने पेन खाली ठेवलं. एक मुलाखत दाबल्याचा अपराध दोन वर्षांत अंगवळणी पडला होता, अर्जातल्या एका परिच्छेदात मावेल इतका. पण तिकडे एक बाई अख्ख्या गावाकडे पाठ फिरवून बसली होती — ज्या गावाने काही ऐकलंच नव्हतं. खरं सांगितलं तर तिला गाव परत मिळेल? की ‘लावली असती तर वाचली असती’ या विचाराने सून दुसऱ्यांदा जाईल...

“हास ना गो?”

“आहे,” सुनयना म्हणाली. आणि अर्जातली ती कोरी जागा तिने तळहाताने झाकली.