शिलाईच्या टेपने मोजलेले रान

मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे, मित्रांनो, अंगाची मापे घेणारी. रंग पिवळा, दोन्ही टोकांना पितळी पट्टी. एका अंगाला साठ इंच, दुसऱ्या अंगाला दीडशे सेंटिमीटर, एवढेच माझे शिक्षण. पण तेवढ्या शिक्षणावर मी जे पाहिले, ते आठवले की आजही मला संताप आवरत नाही.

कारखान्यात माझ्यावर आकडे छापले गेले आणि एका पुडक्यातून मी टेलरमावशीच्या दुकानात आले. एक खिडकी, एक आरसा, शिलाईची दोन मशिने आणि चिंध्यांचे गाठोडे, असे ते दुकान. वीस वर्षे मी मावशीच्या गळ्यात राहिले. माप घेताना गिऱ्हाईक पोट आत ओढून धरते, हे मावशीला पक्के ठाऊक. ती गप्पा मारत राहायची. गिऱ्हाईक हसले, पोट सुटले, की झटकन आकडा टिपायची. "मावशीच्या हातचं माप म्हणजे माप," असे लोक म्हणत, तेव्हा मी मनातल्या मनात मिरवून घेत असे.

पुढे तयार कपड्यांची दुकाने आली. एक मशीन कापडाखाली झाकले गेले. लोक येत ते चेन बदलायला, नाहीतर पँट आखूड करायला. मी दिवसचे दिवस खिळ्यावर लोंबत राहू लागले.

आमच्या रस्त्याच्या टोकाला सार्वजनिक बाग होती आणि बागेमागे मोठे रान. मावशी रोज सकाळी गुडघ्याला पट्टा बांधून तिथे एक फेरी मारायची. एके दिवशी ती परतली ती धापा टाकतच. रानाच्या तोंडाशी भला मोठा फलक लागला होता. दुकाने, हॉटेल आणि चारशे गाड्यांचा वाहनतळ!

त्याच संध्याकाळी निवृत्त पोस्टमनकाका फलक लावणाऱ्या कंपनीच्या अहवालाची नक्कल घेऊन आले. सोबत शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई होत्या. काकांनी चष्मा पुसून वाचले, "एकूण झाडे एकशे चौऱ्याऐंशी. उर्वरित झुडुपे."

"झुडुपे?" मावशी ताडकन उठली. "अहो, त्यातल्या कित्येकांना दोन्ही हातांनी कवटाळता येत नाही!"

बाईंनी नियम समजावला. छातीच्या उंचीवर ज्याचा घेर तीस सेंटिमीटर किंवा जास्त, ते झाड. झाड तोडायचे तर परवानगी लागते, सुनावणी होते. झुडुपाला कोणी विचारत नाही. मित्रांनो, पाहिलीत ना लबाडी? कुऱ्हाड चालवण्याआधी त्यांनी पेन चालवले होते.

"म्हणजे प्रत्येक झाड मोजायला हवं," बाई म्हणाल्या. "पण मोजणार कोण आणि कशानं?"

मावशीने मला खिळ्यावरून उतरवले. "आयुष्यभर दुसरं काय केलंय मी?"

नऊ आठवडे आम्ही रोज सकाळी रानात जात होतो. सुट्टीच्या दिवशी गल्लीतले वीस-पंचवीस जण येत. मावशी घेर घेई, काका आकडा वहीत लिहीत, बाई खोडावर चुन्याने क्रमांक घालत. माणसांच्या कंबरा मोजण्यात जन्म गेलेली मी! खरबरीत सालीने अंग सोलवटले, चीक लागला, मुंग्या चावल्या (म्हणजे मावशीला चावल्या, पण ओरडताना तिने मला फेकले). एका जुन्या उंबराला तर मी पुरलेच नाही. मावशीने अंगठा दाबून खूण धरली आणि मला पुन्हा फिरवले. दोनशे ब्याण्णव सेंटिमीटर! अहवालात त्या जागी लिहिले होते, 'काटेरी झुडुपे'.

मोजणी निम्मी झाली आणि कंपनीचा साहेब दुकानात आला. त्याच्या कपड्यांना इतकी कडक इस्त्री असे, की काका त्याला 'इस्त्रीसाहेब' म्हणत.

"मावशी, तुमच्यासारख्या कारागिरानं उन्हात कशाला फिरायचं? आमच्या सगळ्या कर्मचाऱ्यांचे गणवेश तुम्हीच शिवा. अडीचशे जोड. दरवर्षी."

मावशीची बोटे माझ्यावर घट्ट झाली. तिने झाकलेल्या मशीनकडे पाहिले. मला वाटले, ती आता हो म्हणणार.

"साहेब, काम हवंय मला. खोटं कशाला बोलू?" ती हळू म्हणाली. "पण ते रान पाडून तिथं उभ्या राहणाऱ्या माणसाचा सदरा माझ्या हातून सरळ शिवला जाणार नाही. या तुम्ही."

तो गेल्यावर तिने एका शर्टाला बटण उलट्या बाजूने लावले आणि ते उसवत बराच वेळ बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र आम्ही रानात हजर होतो.

अखेर आकडा आला, दोन हजार तीनशे सोळा झाडे. कुठे एकशे चौऱ्याऐंशी आणि कुठे हे!

वही सरकारी कार्यालयात गेली, सुनावणी लागली आणि त्या दिवशी खोली गच्च भरली. इस्त्रीसाहेबाने पोलादी टेप आणली होती. त्याने मला तिच्याशेजारी टेबलावर पसरले आणि टाळी मिळाल्यासारखा ओरडला, "बघा! ही साठ इंचांची टेप अर्धा इंच लांब भरतेय! ताणून ताणून सैल झालीय. यांची सगळी मोजणी खोटी!"

कंपनीची माणसे खो-खो हसली. मित्रांनो, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे मला झाले.

मावशी उभी राहिली. "ताणली आहे, कबूल. पण साहेब, टेप ताणली की खुणा लांब लांब जातात. अशी टेप छत्तीसची कंबर छत्तिसाहून कमीच सांगते. म्हणजे मी झाडांची मापं कमी लिहिलीत. खरी झाडं याहून जाड आहेत!"

सुनावणीचे अधिकारी उठले आणि त्यांनी स्वतःच्या टेबलाची कड दोन्ही टेपांनी मोजली. पोलादी टेपवर अठ्ठेचाळीस इंच. माझ्यावर थोडे कमी. ते इस्त्रीसाहेबाकडे पाहून म्हणाले, "मावशी बरोबर बोलतायत. फेरमोजणी होईल. आमची माणसं करतील."

आम्ही आनंदात परतलो. किती भोळे आम्ही! फेरमोजणीआधी तीन दिवस कार्यालयाला सुट्टी होती. त्या तीन दिवसांत कंपनीच्या करवतींनी रानाचा पूर्वेचा कोपरा साफ केला. एकेचाळीस झाडे. प्रत्येकावर बाईंच्या हाताचा क्रमांक होता.

सरकारी मोजणी झाली. तोडलेल्यांचे बुंधे धरून आमचा आकडा तर खरा ठरलाच, शिवाय माझ्या सैलपणामुळे तीस सेंटिमीटरला केसभर कमी भरलेली आणि आम्ही वगळलेली अकरा झाडेही यादीत आली. प्रकल्प रद्द झाला. रान वाचले. आणि ज्यांनी खोटा अहवाल लिहिला, एकेचाळीस झाडे पाडली, त्यांना काय मिळाले? समज! दुकानातून एक रीळ उचलणाऱ्याला लोक चौकीत नेतात आणि रानाचा कोपरा गिळणाऱ्याला नुसती समज देतात, हे कुठल्या हिशेबात बसते ते मला कोणीतरी सांगा.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मावशी मला घेऊन पूर्वेच्या कोपऱ्यात गेली. भुसा अजून तसाच पसरलेला होता. ती गुडघा धरून खाली बसत एकेका बुंध्याला मला गुंडाळत गेली.

काकांनी वही उघडली, पण पेन थांबले. "आता काय लिहू? आकड्यांवर काट मारू?"

"काट नका मारू," मावशी म्हणाली. "त्यापुढं लिहा, 'होतं'. एकेकाच्या पुढं. आणि कुणी तोडलं, तेही लिहा."

काकांनी एकेचाळीस वेळा लिहिले. ते संपेपर्यंत कोणी जागचे हलले नाही.

मित्रांनो, मी आता झिजले आहे. माझे पहिले चार आकडे पुसले गेलेत, मावशीने नवी टेप आणली आहे. त्याचे मला वाईट वाटत नाही. तुम्हाला एवढीच विनवणी करते. तुमच्या शाळेमागे, रस्त्याच्या कडेला, नाल्याच्या काठाला जी झाडे असतील, त्यांच्याकडे आजच जा. हाताशी दोरी असली तरी चालेल. त्यांना मोजा, आकडा लिहून ठेवा, पुढच्या वर्षी पुन्हा मोजा. आणि कोणी कडक इस्त्रीचा माणूस कागद फडकावत म्हणाला, की इथे नुसती झुडुपे आहेत, तर गप्प बसू नका. वही उघडून त्याच्यासमोर मोठ्याने वाचा.