सारजाबाईची वायर

जनावरांच्या छावणीतली मोटर नुसती घुरघुरायची. पाणी काही वर हौदात चढत नव्हतं. वायरमन बिभीषणनं बोअरपाशी मीटर लावलं आणि निकाल देऊन टाकला, "व्होल्टेज फुल्ल हाय. मोटरच जळाली."

दुष्काळात पाणी लागलेला हा एकच बोअर, आणि आमच्या सोसायटीची छावणी त्याच्याच भरवशावर उभी होती. चेअरमन विठ्ठलराव डोक्याला हात लावून म्हणाले, "सकाळी दावी सोडा. ज्यानं त्यानं आपली जनावरं घरी न्यावीत."

सारजाबाई धनगरीण मटकन खाली बसली. तिची एकच गाय, कपिली, आज-उद्या विणार होती. "शिरूरला घरापतोर चालायची न्हाई हो ती, बाई. वाटंतच बसंल अन् तिथंच जाईल."

मी गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. मला राग लवकर येतो. घरी पाणी नाही म्हणून छावणी, आणि छावणीत पाणी नाही म्हणून परत घरी? मी बिभीषणवरच उखडले.

"मोजलंस तेव्हा मोटर चालू होती का बंद?"

"बंदच की बाई! चालूत कोन हात घालतंय?"

मी अक्षरशः उडीच मारली. इतकी वर्षं व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रेझिस्टन्स, असं फळ्यावर लिहून पोरांना झोपवलं होतं, आणि आज ते गणित माझ्यासमोर धुळीत उभं होतं! "अरे बाबा, मोटर बंद म्हणजे करंट नाही. करंट नाही तर वायर व्होल्टेज कशी खाणार? आता चालू करून मोज!"

त्यानं बटण दाबलं. मोटर घुरघुरली. मीटरचा आकडा धाडकन खाली आला. दीडशे! खांबाजवळच्या पेटीत मात्र दोनशे वीस. करंट मोजायचा चिमटा वायरीला लावला तर दहा अँपिअर.

"आयला!" बिभीषण म्हणाला आणि त्यानं जीभ चावली.

मी काटकी घेऊन मातीत लिहायला बसले. वाटेत सत्तर व्होल्ट गायब. सत्तर भागिले दहा, सात ओहम. आणि सत्तर गुणिले दहा? सातशे वॅट! "चेअरमनसाहेब, माझी इस्त्री एवढ्यावर चालते. आपण रानात एक इस्त्री तापवत ठेवलीय, आणि तिच्याखाली एक कपडासुद्धा नाही!"

आता ती इस्त्री शोधायची होती. खांबापासून बोअरपर्यंतची वायर म्हणजे आमच्या सोसायटीचा आरसाच. पाणी सगळ्यांचं, म्हणून वायरही सगळ्यांची; ज्याचा तुकडा, त्याचा हौदावर हक्क, असं ठरलेलं. आटलेल्या विहिरींवरून ज्यानं त्यानं आपापला तुकडा आणला आणि जोडला. विठ्ठलरावांकडे चांगल्या जाड केबलचं भेंडोळं होतं, पण त्यातलाही एकच तुकडा घेतला. जास्त घेतली तर उद्या जास्त हक्क सांगतील ना!

बिभीषणला आता चेव आला होता. लाईट बंद करायची, सांध्याची टेप सोडायची, मीटर अडकवायचं, परत चालू. या तुकड्यावर तीन व्होल्ट, त्या तुकड्यावर चार. आम्ही दोघं पुढे आणि अख्खी छावणी मागे. एका सांध्याशी तो ओरडला, "पन्नास! बाई, एकट्या तुकड्यावर पन्नास!"

म्हणजे पाच ओहम. बारीक, पिवळी, घरात दिवा लावायची वायर. लाईट बंद करून मी हात लावला तर चांगली गरम. आनंदानं टाळी वाजवणार, तोच सारजाबाई आडवी आली.

"ती माझी हाय. तोडू नका."

"अहो मावशी, हीच तर..."

"घरातला दिवा काढून दिली म्या. दुसरं होतं काय माझ्यापाशी? ती काढली तं उद्या हौदावर मला कोन उभं करतंय?"

माझी टाळी हवेतच राहिली. गणित बरोबर होतं, आणि तरी मला लाज वाटली. विठ्ठलरावांनी भेंडोळं आणायला गाडी पाठवली होती. जास्तीचा हक्क सांगणार नाही, हे सगळ्यांदेखत बोललेही होते. पण सारजाबाई वायर सोडेना.

मग मला सुचलं. रेझिस्टन्स तोच राहू दे, करंट कमी करू! साठ वॅटचा बल्ब पाव अँपिअरच्या आसपास घेतो. पाव गुणिले पाच, जेमतेम सव्वा व्होल्ट. कुणाला कळणारसुद्धा नाही.

"मावशी, तुमची वायर घरी जायची नाही. हौदावर दिवा लागेल, तो हिच्यावर. मोटरीचं ओझं तिला पेलत नाही, दिव्याचं पेलतं."

तिनं वायर हातात धरूनच विचारलं, "हलकं काम हाय म्हून हक कमी न्हाई ना?"

"नाही!" मी इतकी जोरात ओरडले की म्हशींनी माना वर केल्या.

दिवस मावळताना जाड केबल जोडून झाली. बिभीषणनं बटण दाबलं. मीटर दोनशेवर थांबलं, मोटरीचा आवाज बदलला, पाइप खोकला, आणि हौदात गढूळ, मग स्वच्छ पाणी कोसळायला लागलं. बायका ओरडल्या, मी ओरडले, बिभीषण तर नाचायलाच लागला.

सारजाबाई पाण्याकडे बघतच नव्हती. ती खांबापासून हौदापर्यंत नेलेल्या आपल्या पिवळ्या वायरीखाली उभी होती. बल्ब लागला. तिनं पदर तोंडाला लावला.

विठ्ठलरावांनी कपिलीचं दावं सोडलं, तिला सगळ्यांच्या आधी हौदाशी आणलं, आणि दावं सारजाबाईच्या हातात दिलं.